चार मीटरची गाडी, सव्वाचार मीटरची कायाक

आपल्याकडच्या बऱ्याचशा लहान गाड्या चार मीटरच्या आत कापून-छाटून बसवलेल्या असतात. इंजिनाचं माप जमलं आणि लांबी चार मीटरच्या आत राहिली, तर कर कमी बसतो. आमची हॅचबॅक त्यातलीच. तिच्या टपावर जी कायाक जाते ती चौदा फुटी, म्हणजे ४.२७ मीटर. गाडीपेक्षा होडीच लांब. रत्नागिरीत आमच्या गल्लीतून ही वरात निघाली की शेजारच्या काकू हमखास विचारतात, "गो, माडाचो सोट खंय नेतंस?" काकू मूळच्या मालवणच्या, त्यामुळे प्रश्न तोंडावर आणि मोठ्याने.

भाट्याच्या खाडीत उतरायचं तर फार लांब जावं लागत नाही. जैतापूर, दाभोळ किंवा पार तारकर्ली-देवबाग गाठायचं तर मात्र टपाशिवाय इलाज नाही. परदेशी व्हिडिओंत बांधणीची पद्धत दाखवतात ती पाच-पाच मीटरच्या गाड्यांवर. तिथे कायाकची टोकं गाडीला बांधणारी पुढची-मागची दोरी 'बांधली तर बरं' या थाटात येते. आपल्या लहान गाडीवर लांब कायाक असेल, तर ती दोरी बांधल्याशिवाय गाडी गल्लीबाहेर काढू नये. का, ते पुढे सांगते.

आधी टप

गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपावर किती वजन चालेल ते दिलेलं असतं. आमच्या गाडीचा आकडा ५० किलो आहे. हा आकडा फक्त कायाकचा नव्हे, टपावर जे जे चढेल त्या सगळ्याचा. टपावरच्या आडव्या दांड्या आणि त्यांवरचे कायाक धरायचे हुकासारखे आकडे मिळून आठ-नऊ किलो होतात. चौदा फुटी प्लास्टिकची कायाक २५ किलोची. बेरीज ३४, म्हणजे ठीक. माझ्याकडे दुसरी एक दहा फुटी, वर बसून वल्हवायची कायाक आहे, ती २२ किलोची. दोन्ही चढवल्या तर ५६. म्हणून दोन्ही कायाक न्यायच्या असतील तेव्हा दिराची सात आसनी गाडी मागून आणते आणि बदल्यात डिझेल भरून देते. "सहा किलोने काय होतंय" असं म्हणणारे भेटतात. खड्ड्यात गाडी आदळते तेव्हा टपावरचं वजन क्षणभर कितीतरी जड होऊन खाली येतं, आणि आमच्या महामार्गाला खड्ड्यांची ददात नाही.

टपाच्या कडेने दिसणाऱ्या काळ्या किंवा चंदेरी पट्ट्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बऱ्याच गाड्यांना त्या नुसत्या शोभेच्या असतात, चिकटवलेल्या किंवा चिमट्यांवर बसवलेल्या प्लास्टिकच्या. पट्टीखाली बोटं जातील एवढी फट आहे, धातूचा पाय टपात बोल्टने बसलाय आणि मॅन्युअलमध्ये भार पेलण्याचा उल्लेख आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच तिला दांडी अडकवा. टप साफ गुळगुळीत असेल तर दाराच्या चौकटीला घट्ट धरणारे पाय मिळतात. ते मात्र आपल्या गाडीच्या नेमक्या मॉडेलचेच घ्यायचे. "सगळ्या गाड्यांना बसतं" म्हणणारा दुकानदार तुमच्याबरोबर घाट उतरायला येणार नाही.

सामानाचं पिंजऱ्यासारखं लोखंडी कॅरिअर आधीच बसवलेलं असेल, तर कायाक त्याच्या आत ठेवायला जाऊ नका. ती त्याच्या कडांवर टेकते, आणि बारीक सळई प्लास्टिकला एकाच रेषेत कापत राहते. कॅरिअरवर दोन आडवे पाइप क्लॅम्पने पक्के बसवा, त्यांवर फोमची नळी चढवा, आणि कायाक त्या पाइपांवर ठेवा.

काहीच नसेल तर फोमचे ठोकळे टपावर ठेवून पट्टा दारांतून गाडीच्या आतून फिरवतात. पाच-दहा किलोमीटर हळू जायचं असेल तर चालून जातं. अशा वेळी पट्टा दारं उघडी ठेवून फिरवायचा. खिडक्यांतून फिरवला तर दारं उघडत नाहीत, आणि खिडकीतून आत शिरण्याची कसरत अख्खी वाडी बघते. पाऊस लागला तर पाणी पट्ट्यावरून निथळत आत येतं, हेही धरून चाला.

वारा कुठून धरतो

टपावरच्या कायाकचं वजन हा त्रासाचा सगळ्यांत लहान भाग. खरा त्रास वाऱ्याचा. गाडी धावते तेव्हा काचेवरून वर सरकणारी हवा कायाकच्या पुढच्या टोकाखाली शिरते आणि ते टोक उचलू बघते. हा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ६० किलोमीटरला जेवढा असतो, त्याच्या जवळपास पावणेदोन पट ८० ला आणि पावणेतीन पट १०० ला. शिवाय समोरून येणारा ट्रक शेजारून जाताना बाजूने थप्पड मारून जातो, आणि ब्रेक लावला की कायाक पुढे निघायला बघते.

आता दांड्यांमधलं अंतर बघा. दोन दांड्या कायाकच्या लांबीच्या निदान एक तृतीयांश अंतरावर असाव्यात असं धरतात. चौदा फुटीला ते साधारण १४० सेंटीमीटर झालं. आमच्या हॅचबॅकच्या टपावर जेमतेम ७५ सेंटीमीटर मिळतात. म्हणजे मधले दोन टेकू जवळजवळ आणि दोन्ही बाजूंना पावणेदोन मीटर अधांतरी. अधांतरी टोकाला वाऱ्याने थोडं ढकललं तरी दांडीवर त्याचा जोर मोठा होऊन पोचतो.

म्हणून कामं वाटून द्यायची. दांडीवरचे दोन पट्टे कायाकला वर उठू देत नाहीत आणि कुशीवर लोळू देत नाहीत. टोकांच्या दोऱ्या तिला डावी-उजवीकडे तोंड फिरवू देत नाहीत आणि पुढे-मागे सरकू देत नाहीत. दोरी नाही म्हणून पट्टे दुप्पट आवळले, तर पट्ट्यांना जमत नाहीच, वर कायाकच्या बुडाला खळगा पडतो.

पालथी की कुशीवर

वर बसून वल्हवायची पसरट कायाक पालथी घाला. तिची कड मजबूत असते, फोम लावलेल्या दांड्यांवर छान बसते, आणि पाऊस आला तरी आत साचत नाही. लांब, आत बसायची कायाक मी इंग्रजी 'जे'च्या आकाराच्या आकड्यात कुशीवर उभी ठेवते. कुशीवर प्लास्टिक जास्त कडक असतं, आणि टपाची जागाही वाचते. सपाट दांडीवर बूड टेकवून उन्हात तासन् तास ठेवलेल्या प्लास्टिकच्या कायाकला दांडीच्या मापाचा खळगा पडतो. मार्च ते मेमध्ये तर नक्कीच. तसा पडला तर पट्टे सोडून ती उन्हात बूड वर करून ठेवा, बरेचदा खळगा आपोआप भरून येतो.

चढवण्याआधी डिकीतलं सगळं काढून घ्या. मागे आलेल्या टोकामुळे डिकी पूर्ण उघडत नाही, आणि डबे, पाणी, सुके कपडे सगळं आतच अडकतं. टपावर शार्क-फिन अँटेना असेल तर ती कुठे येते ते बघून ठेवा, मागचा वायपरही. वल्ही, आसन, जॅकेट, सुटं झाकण यांतलं काहीही कायाकमध्ये ठेवू नका, गाडीच्या आत घ्या. बसायच्या भोकाला कापडी झाकण लावलंत तर त्यालाही दोरी हवी, नाहीतर ते मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर जाईल. झाकण नसेल आणि पाऊस लागला, तर दर लिटरमागे एक किलो वजन टपावर वाढतं.

पाणी काढायचं बूच सैल करून ठेवा. उन्हात आतली हवा फुगते, घाट चढताना बाहेरचा दाब कमी होतो. आंबा घाट चढून कोल्हापूरकडे जाताना घट्ट बंद केलेल्या कप्प्याचं रबरी झाकण टुम्म फुगतं, कधी निघूनही येतं.

एकटीने चढवायचं असेल तर मागच्या काचेवर आणि टपाच्या कडेवर जाड सतरंजी टाकते. कायाकचं पुढचं टोक तिच्यावर टेकवते, मग मागे जाऊन दुसरं टोक उचलते आणि पुढे सारते. निम्म्याहून जास्त वजन टपच उचलतो. दोघं असाल तर बोलत उचला. "हां, आता" एवढं पुरतं. गप्प राहून उचलणाऱ्या दोन माणसांची पाठ एकाच दिवशी धरते.

चढल्यावर कायाकचा मध्य दोन दांड्यांच्या मध्ये येऊ द्या, पुढचं टोक पुढेच. मग चार पावलं मागे जाऊन समोरून बघा. टोक बॉनेटच्या मध्यावर आहे का, की तिरकं चाललंय? हे पट्टे घालण्याआधी बघितलं तर हाताने सरकवता येतं.

पट्टे

पट्टा पॉलिस्टरचा, एक इंच रुंद, साडेचार मीटरच्या आसपास लांब आणि कॅम बकलचा घ्या. कॅम बकल म्हणजे दातेरी जीभ असलेलं, अंगठ्याने दाबून सोडता येणारं. नायलॉन ओला झाला की ताणतो, म्हणून तो नको. मालवाहतुकीचा खटक्याचा पट्टा तर नकोच नको. त्याने हाताला न कळता एवढा ताण देता येतो की प्लास्टिक चेपतं आणि फायबरची कायाक तडकते. एसटी स्टँडसमोर मिळणारे हुकवाले रबरही घरीच ठेवा. रबराचं काम ताणण्याचं, आणि आपल्याला जराही न ताणणारं काहीतरी हवंय.

घालायची पद्धत अशी. बकल तुमच्या बाजूला खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीवर लोंबत ठेवा आणि हाताने धरून राहा. मोकळं टोक कायाकवरून पलीकडे टाका. बकल कधी भिरकावू नका, पलीकडे काच असते. पलीकडे जाऊन पट्टा दांडीखालून घ्या आणि पुन्हा कायाकवरून अलीकडे टाका. अलीकडे दांडीखालून घेऊन बकलमध्ये खालून वर ओवा. दांडीभोवतीचा वेढा कायाकच्या अगदी लगत असावा. लांब राहिला तर तो घसरत कडेला जातो आणि पट्टा ढिला पडतो. 'जे' आकड्यांना पट्ट्यासाठी खाच असते, तिथून न्या.

किती आवळायचं? हाताने, अंगाचा जोर न लावता. टायरवर पाय रोवून लोंबकळायचं नाही. मग कायाकचं टोक धरून हलवा. कायाक हलली आणि गाडी जागेवर राहिली तर कमी झालं. गाडी स्प्रिंगवर डुलायला लागली तर बस्स. बकलजवळ प्लास्टिक आत गेलेलं दिसलं तर पट्टा किंचित सैल करा.

उरलेलं टोक दांडीभोवती गुंडाळून गाठ मारा. वरून जाणाऱ्या सपाट पट्ट्याला आधीच एक पीळ देऊन ठेवा. तो न दिल्यास साठच्या पुढे पट्टा असा घूं-घूं वाजतो की आतल्या माणसांना इंजिन बिघडल्यासारखं वाटतं.

दोऱ्या

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. सहा ते आठ मिलिमीटरची पॉलिस्टर दोरी, पुढे एक, मागे एक. पुढे शक्य असेल तर दोन, बॉनेटच्या डाव्या-उजव्या कोपऱ्यांकडे फाकवून. एकाच सरळ दोरीपेक्षा फाकवलेल्या दोन दोऱ्या कडेच्या वाऱ्याला फार चांगल्या अडवतात.

वर बांधायचं ते कायाकच्या अंगातल्या कडीला किंवा पक्क्या छिद्राला. उचलायची मूठ नुसत्या बारीक दोरीवर लोंबत असेल तर तिच्यावर भिस्त नको. खाली बांधायला बंपरच्या प्लास्टिकला हात लावू नका. गाडीच्या टूलकिटमध्ये आटे असलेली एक लोखंडी कडी असते, गाडी ओढण्यासाठी. बंपरवरचं छोटं चौकोनी झाकण काढलं की तिची जागा दिसते. पुढे दोन दोऱ्यांसाठी मी बॉनेटखालच्या पक्क्या बोल्टला वेबिंगचे, म्हणजे सपाट विणलेल्या पट्टीचे, दोन फास कायमचे अडकवलेत. काम असेल तेव्हा बॉनेटच्या फटीतून बाहेर काढते, नसेल तेव्हा आत टाकते. फटीतून बाहेर येताना रंग घासतो, तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवा.

गाठ टेम्पोवाल्यांची. ताडपत्री आवळताना ते जी घालतात तीच. दोरी वर पक्की बांधून खाली सोडा. छातीच्या उंचीवर दोरीला एक आडवा वेढा द्या, आणि त्याच्या खालच्या बाजूच्या दोरीचा दुमडा त्या वेढ्यातून ओढून छोटा फास करा. मोकळं टोक खालच्या कडीतून घालून वर आणा, फासातून ओवा, आणि खाली ओढा. ओढताना फास मिटून गेला तर दुमडा चुकीच्या बाजूने काढलाय, दुसऱ्या बाजूने काढा. ताण आला की फासाजवळ चिमटीत धरून दोन अर्ध्या गाठी मारा.

या गाठीत कप्पीसारखा जोर मिळतो, आणि तिथेच माणसं बिघडवतात. टोकाची दोरी आवळून टोक खाली वाकवायचं नसतं. ती ढिली लोंबत नसली, बोटाने छेडल्यावर किंचित थरथरली, की झालं. बळाने खाली ओढलेली कायाक दोन दांड्यांवर धनुष्यासारखी वाकून बसते, आणि प्रत्येक गतिरोधकाला दांडीच्या जागी मार खाते.

उरलेली दोरी कुठेही लोंबू देऊ नका. पुढच्या दोरीचं सुटं टोक चाकाखाली आलं तर चाक ते गुंडाळत जातं आणि कायाक मधोमध मोडते. मी शिल्लक दोरी त्याच दोरीवर गुंडाळत वर नेते आणि शेवटी गाठ मारते.

चालवताना या पुढच्या दोऱ्यांचा आणखी एक उपयोग होतो. त्या समोरच्या काचेतून सतत दिसतात. एखादी ढिली पडली किंवा दोघींचा कोन बदलला, की वर काहीतरी सरकलंय. उतरून बघा.

रस्त्यावर

निघाल्यावर पहिल्या पाच-सात किलोमीटरवर थांबून सगळं हाताने तपासा. पट्टे बसतात, कायाक आपली जागा शोधते, आणि पहिला ढिलेपणा इथेच येतो. मग दर चहाला. उन्हात तापलेलं प्लास्टिक मऊ होतं, तेव्हा दुपारच्या थांब्यावर पट्टा पुन्हा एकदा ओढून बघायचा, आणि संध्याकाळी गार झाल्यावर आणखी एकदा.

वेग ऐंशीच्या आत. किनाऱ्यालगत दुपारनंतर खारा वारा जोर धरतो, आणि खाडीवरचे पूल त्याला आडवे पडतात. भाट्याच्या पुलावर किंवा जैतापूरच्या पुलावर चारच्या सुमाराला मी पन्नासवर येते. मुंबईकडून येणाऱ्यांनी अटल सेतूवर हेच लक्षात ठेवावं. जवळजवळ २२ किलोमीटरचा तो पूल, त्यातला बहुतेक पाण्यावर, आणि शंभरची परवानगी आहे म्हणून शंभरने जायलाच हवं असं नाही.

उंची मोजा. दीड मीटरची गाडी, दांडी, आणि कुशीवर उभी कायाक मिळून आमची बेरीज सव्वादोन मीटरच्या वर जाते. बऱ्याच मॉलच्या तळघरातल्या पार्किंगचा आडवा बार त्याहून खाली असतो. मी आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवलाय. वाड्यांतल्या रस्त्यांवर फणसाच्या फांद्या आणि खाली आलेल्या केबलच्या तारा असतात, त्यांना कागद कळत नाही. तिथे डोकं बाहेर काढून जायचं.

कायद्याचं बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने एक पोटकलम आलं. माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत परवानगीच्या मापाबाहेर गेला तर दंड २०,००० रुपये, आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. म्हणून दोन पसरट कायाक शेजारीशेजारी पालथ्या घालून गाडीच्या अंगाबाहेर काढू नका, कुशीवर ठेवा. पुढे-मागे आलेलं टोक शक्य तेवढं कमी ठेवा. मागच्या टोकाला लाल फडकं बांधा. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जात नाहीत ना, हे रस्त्यावर उभं राहून बघा.

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीत चढताना पुढच्या गाडीपासून अंतर मागून घ्या. तुमचं टोक तुमच्या बंपरच्या पुढे आहे, हे गाड्या लावणाऱ्या पोऱ्याला खालून दिसत नाही. पुढे टेम्पो असेल तर त्याची मागची फळी उघडण्याइतकी जागा सोडा.

घाटात फोटोसाठी थांबलात तर माकडांपासून सावध. लोंबणारं पट्ट्याचं टोक त्यांना फार आवडतं, आणि कॅम बकलची जीभ दाबायला माणसाचाच अंगठा लागतो असं नाही.

उतरवताना

आधी दोऱ्या सोडा, मग पट्टे. शेवटचा पट्टा सोडताना एकाचा हात कायाकवर हवाच. किनाऱ्यावर वारा असतो, आणि सुटी कायाक टपावरून लोळायला क्षण पुरतो. एकटे असाल तर गाडी वाऱ्याला तोंड करून लावा, कुशीला नको.

परत आल्यावर पट्टे गोड्या पाण्याच्या बादलीत खळबळून घ्या. बकलच्या दातांत रेती बसली की जीभ पुरती मिटत नाही आणि पट्टा भर रस्त्यात सरकायला लागतो. तेल घालू नका, तेलाला रेती जास्त चिकटते. दांड्यांचे ॲल्युमिनियम टिकतं, पण त्यांचे लोखंडी बोल्ट खाऱ्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात धरतात, म्हणून मी जूनमध्ये सगळं उतरवून बोल्टांना ग्रीस लावून ठेवते. पट्टे सावलीत वाळवा. कडेला लव सुटलेला, रंग उडून कडक झालेला पट्टा पुन्हा गाडीवर चढवायचा नाही. तो आमच्याकडे परसात पडवळाच्या मांडवाला जातो.